पांढऱ्या पेशींचे प्रकार पाचच?

रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रकार किती, असे विचारले की तुम्ही ‘पाच’ असे उत्तर देता व त्याला पूर्ण गुण मिळतात. परंतु शाळेने या उत्तरापाशी थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपूरलगतच्या वाडीला अमरावती रस्त्यावर मालवाहतुकीची गोदामे आहेत. तेथे एकाच मापाच्या खोक्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. एकात औषधे, तर दुसऱ्यात यंत्रांचे सुटे भाग. खोके न फोडता, वरची चिठ्ठी वाचून माल वेगळा करतात. लिम्फोसाइट पेशींचेही असेच आहे. रंगवलेल्या काचपट्टीवर टी आणि बी पेशी सारख्याच दिसतात. कामे मात्र निराळी. बी पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात. टी पेशींपैकी काही इतर पेशींना मदत करतात, तर काही रोगग्रस्त पेशींना मारतात.

येथे चिठ्ठी म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने. मदतनीस टी पेशीवर सीडी-४ असते, मारक टी पेशीवर सीडी-८, तर बी पेशीवर सीडी-१९. नेमक्या एका प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची रीत कोलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा प्रतिपिंडांना चमकणारे रंगद्रव्य जोडून ती रक्तात मिसळतात. फ्लो सायटोमीटर यंत्रात पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून जातात. फ्लुओरेसीन जोडलेली पेशी निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश देते. सेकंदाला हजारो पेशींची नोंद होते.

हा केवळ यंत्राचा चमत्कार नव्हे. एचआयव्हीचा विषाणू सीडी-४ पेशींवरच हल्ला करतो. निरोगी प्रौढाच्या एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की गंभीर संसर्गांचा धोका वाढतो. २००४ साली भारतात मोफत औषधयोजना सुरू झाली, तेव्हा सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. औषध केव्हा सुरू करायचे, हे त्या काळी बव्हंशी याच मोजणीवर ठरे. २०१७ पासून मोजणीची वाट न पाहता उपचार देतात. तरी आजार किती बळावला हे समजण्यास ती लागतेच. रक्ताच्या कर्करोगातही बिघडलेली पेशी टी की बी, यावर उपचार अवलंबून असतात.

म्हणून सूक्ष्मदर्शक अडगळीत टाका, असे मी म्हणत नाही. यंत्र आपण घातलेल्या खुणांपुरतेच उत्तर देते. शिवाय सीडी-४ थोड्या प्रमाणात मोनोसाइटवरही असते. म्हणून टी पेशींची सीडी-३ ही खूणही सोबत तपासावी लागते.

शिक्षकांनो, यासाठी शाळेत महागडे यंत्र नको. ‘दिसायला सारख्या पेशी कशा ओळखाल?’ एवढा एक प्रश्न वर्गात विचारा. पाच नावे पाठ करण्यापेक्षा त्या उत्तराचा शोध मुलांना अधिक शिकवील.