चमत्कार झाला नाही, तरी?

शनिवारी घरी जाताना दिवा-रोहा गाडीत मी पेणला उतरतो, माझा रूममेट पुढे रोह्याला. तो ख्रिस्ती. दोन वर्षांपूर्वी त्याचे बाबा आजारी होते. घरच्यांनी रात्र-रात्र प्रार्थना केली. बाबा गेले.

एकदा गाडी सिग्नलला रखडली तेव्हा मी विचारून टाकलं, "मग अजून चर्चला कशाला जातोस? एक्स्पेरिमेंट फेल गेला ना?" आपलं इंजिनीअरिंगचं डोकं! रिझल्ट नाही आला की थिअरी बाद.

तो शांतपणे म्हणाला, "अरे, बाबा बरे व्हावेत हे मागितलं होतं. पण देव मानायची ती अट नव्हती."

होस्टेलवर त्याचं बायबल चाळलं. लूकच्या 17 व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात, आभार मानायला परत येतो एकच. आणि विश्वासाने तारलं हे येशू त्या एकालाच सांगतो. योहानाच्या 6 व्या अध्यायात पाच भाकरींत पाच हजार जेवतात. दुसऱ्या दिवशी गर्दी पुन्हा हजर! येशू त्यांना सुनावतो, की तुम्ही पोट भरलं म्हणून आलात. म्हणजे चमत्काराने गर्दी जमते, विश्वास जमेलच असं नाही.

आपले कवी ना. वा. टिळक घ्या. त्यांनाही नवा करार भेटला तो रेल्वेच्या डब्यातच, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. मनाची पकड घेतली ती डोंगरावरच्या प्रवचनाने; त्यात चमत्कार एकही नाही, फक्त कसं जगावं ते आहे. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी संसार दुभंगला, लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. फायद्याचा सौदा म्हणावा असं त्यात काय होतं?

मात्र "चमत्कार नकोच" असंही नाही. येशू उठला नसेल तर सगळा विश्वास फोल, असं पौलानेच लिहिलंय. फरक एवढाच, की त्या एका घटनेवर भिस्त ठेवणं वेगळं आणि "माझं काम कर, मग मानतो" म्हणणं वेगळं. पहिला विश्वास, दुसरा व्यवहार.

हसू नका, आपण सगळेच व्यवहारवाले. घरोघर गणपती घडवणाऱ्या पेणचा मी. एम-थ्री सुटावा म्हणून नवस बोललो, केटी लागली तर बाप्पावरच रुसलो!

परवा पेण आलं. उतरताना रूममेटला इतकंच म्हटलं, "काकूंना नमस्कार सांग. आणि त्या दिवशीच्या प्रश्नाबद्दल सॉरी."