संशोधन कोणासाठीं ?

साहित्याच्या मासिकांत परिचारिकांच्या प्रबंधांचा विषय कशाला, असें कित्येक वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, जेथें पुष्कळ लिहिलें जातें व कोणीच वाचीत नाहीं, तेथें जाऊन चौकशी करणें हें टीकाकाराचें कामच आहे. वाईट कविता छापली गेली तर रसिकाची फार तर अर्धी घटका फुकट जाते. पण आरोग्यावरील निबंध पोकळ निघाला तर त्याची किंमत एखाद्या बाळंतिणीला मोजावी लागते. म्हणून हा रुक्ष वाटणारा विषय आम्हीं हातीं घेतला आहे.

निमित्त लहानसेंच घडलें. गेल्या पावसाळ्यांत जालन्यास गेलों असतां आमच्या परिचयाच्या एका परिचारिका-शिक्षिकेनें आपला पदव्युत्तर प्रबंध आम्हांस दाखविला. त्या कोणत्या विद्यालयांत आहेत हें सांगण्याचें कारण नाहीं. निळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरें, आंत शंभरावर पानें. विषय असा कीं, भोकरदनकडील एका गांवांतील गरोदर स्त्रियांस रक्तक्षयाची माहिती किती आहे, आणि ‘नियोजित अध्यापना’नें ती किती वाढते. साठ स्त्रिया निवडल्या. त्यांस तीस प्रश्न विचारले. पाऊण तास तक्ते दाखवून शिकविलें. सातव्या दिवशीं तेच तीस प्रश्न पुनः विचारले. गुण वाढले. निष्कर्ष निघाला कीं, अध्यापन परिणामकारक ठरलें.

आम्हीं विचारलें, “बाई, त्या साठ जणींचें रक्त वाढलें कां ?”

त्या किंचित् थांबल्या व म्हणाल्या, “तें मोजायचें नव्हतें.”

“त्या गांवीं पुनः गेलां होतां ?”

“नाहीं. पुढें निबंध छापून आणायचा होता. त्यांतच वर्ष गेलें.”

छापण्याची हकीकत तर याहून बोधप्रद आहे. ज्याच्या नांवांत ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द होता, अशा एका मासिकाचें आर्जवी पत्र त्यांस आपण होऊन आलें. सोमवारीं निबंध पाठविला, बुधवारीं तो स्वीकारल्याचें उत्तर आलें. तज्ज्ञ परीक्षकांनीं निबंध वाचल्याचा उल्लेख त्यांत होता. मात्र त्या तज्ज्ञांनीं एकही शंका विचारली नव्हती. शंका एकच होती, ती संपादकांची, व ती शुल्क कधीं भरणार ही. तिसऱ्या तक्त्यांत साठ स्त्रियांची बेरीज बासष्ट झाली होती. ही चूक तज्ज्ञांस दिसली नाहीं. छापून आल्यावर बाईंनाच दिसली. ती दुरुस्त करण्यास निराळें शुल्क पडेल असें कळल्यावर त्यांनीं तो नाद सोडून दिला, आणि त्या दोन वाढीव गरोदर स्त्रिया जगाच्या ज्ञानभांडारांत कायमच्या राहिल्या.

या बाईंस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या कष्टाळू आहेत. प्रसूतिगृहांत रात्री जागून त्यांनीं कित्येक बायका मोकळ्या केल्या आहेत. दोष आहे तो सांच्याचा. रक्तक्षयाच्या जागीं मधुमेह घाला, गरोदर स्त्रियांच्या जागीं शाळेंतील मुली घाला, भोकरदनच्या जागीं परतूर घाला. प्रबंध नवा झाला! शिकविल्यावर सात दिवसांनीं तेंच विचारलें तर गुण वाढतात, हें कोणत्याही प्राथमिक शिक्षकास ठाऊक आहे. तें पुनःपुनः सिद्ध करण्यासाठीं पदव्युत्तर विद्यार्थिनींनीं आयुष्याचीं वर्षें कां खर्चावीं ?

आतां या सांच्याभोंवतीं जो बाजार उभा राहिला, त्याचा इतिहास थोडक्यांत सांगतों. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या यांस गुणांची मोजपट्टी लावली. अमुक निबंधास अमुक गुण. हेतु चांगला असेल. परंतु लेखनाचा दर्जा तोलण्यापेक्षां त्याची संख्या मोजणें सोपें असल्यामुळें संख्या हाच दर्जा होऊन बसला. मागणी झाली तसा माल आला. २०१३ सालीं ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकानें एक कसोटी घेतली. कल्पित लेखकांच्या नांवें, ढळढळीत चुका मुद्दाम पेरलेला औषधविषयक निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठविला. त्यांपैकीं १५७ नीं तो स्वीकारला. असा धंदा करणाऱ्यांत हिंदुस्थानांत ठाणें मांडलेल्यांचा भरणा मोठा होता, ही गोष्ट आपण लाजेनें नमूद केली पाहिजे.

पुढें आयोगानें मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, तर तींतही हीच मंडळी शिरली. हें कोणा परकीयानें नव्हे, तर पुण्याच्या विद्यापीठांतील भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें. विद्यापीठांनीं सुचविलेल्या नियतकालिकांपैकीं १००९ त्यांनीं तपासलीं, आणि शेंकडा ८८ हून अधिक हलक्या दर्जाचीं ठरलीं. त्यांचा अहवाल २०१८ सालीं ‘करंट सायन्स’मध्यें आला. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत आयोगानें ४३०५ नांवें एकदम काढून टाकलीं. नंतर ‘केअर’ नांवाची नवी यादी झाली. तीही २०२५ च्या फेब्रुवारींत बंद करून निवडीचा भार ज्या त्या संस्थेवर सोंपविण्यांत आला. म्हणजे आतां राखणदार जायचा तो गेला. ज्याच्या त्याच्या विवेकाचें कुलूप काय तें उरलें.

येथवर आमचे विद्वान मित्र आमच्याशीं सहमत होतील. खोट्या नियतकालिकांस झोडपण्याइतकें सोपें काम दुसरें नाहीं. पण समजा, हीं सर्व नियतकालिकें उद्यां बुडालीं आणि बाईंचा निबंध एखाद्या खऱ्या, चोख नियतकालिकांत, बेरजा दुरुस्त होऊन आला. तरी भोकरदनच्या त्या साठ जणींस काय मिळालें ? त्यांनीं आपल्या शेतांतला दिवस मोडला, आपल्या शरीराची माहिती दिली, कागदावर अंगठा उठविला. त्यांचीं उत्तरें इंग्रजी होऊन गेलीं तीं परत आलींच नाहींत. आमची तक्रार ही आहे. ज्याच्याकडून घेतलें त्याला हिशेब न देणें यास व्यवहारांत जें नांव आहे, तेंच विद्येच्या क्षेत्रांतही लागू करावें.

परिचारिकांच्या विद्येचा आरंभ असा नव्हता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्या हातांतला दिवा सर्वांस ठाऊक आहे; तिच्या हातांतली आंकडेवारी मात्र आपण विसरलों. क्रिमियाच्या युद्धांत शिपाई जखमांपेक्षां रोगांनीं अधिक मेले हें तिनें रंगीत आकृत्या काढून मंत्र्यांच्या गळीं उतरविलें, आणि १८५८ सालीं लंडनच्या सांख्यिकी मंडळानें तिला पहिली स्त्रीसभासद करून घेतलें. हिंदुस्थानांतील छावण्यांच्या आरोग्याची चौकशी १८५९ ते १८६३ पर्यंत झाली, तिच्या पाठीशींही तीच होती. त्या काळीं जालन्यासही लष्कराची छावणी होती. तिचे आंकडे बढतीसाठीं नव्हते; गटार बांधलें जावें, पाणी निवळ मिळावें यासाठीं होते.

आणि इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. राणी व अभय बंग यांनीं गडचिरोलीच्या दोन गांवांतील ६५० स्त्रिया तपासल्या. शेंकडा ९२ जणींस स्त्रीरोग आढळले, आणि पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या शेंकडा आठच निघाल्या. १९८९ सालीं ‘लॅन्सेट’नें हा निबंध छापला. पुढें गांवच्याच बायकांस नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकवून त्यांनीं नवजात मृत्यु शेंकडा ६२ नें घटविल्याचें १९९९ सालीं त्याच पत्रांत सिद्ध केलें. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहींत. बालमृत्यूंवरील ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ सालीं मराठींत काढला. म्हणून तो विधिमंडळापासून गांवच्या पारापर्यंत कोणालाही वाचतां आला. त्यांची पद्धति २०११ मध्यें देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या कामांत शिरली. ‘लॅन्सेट’ आणि मराठी यांत वैर नाहीं, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा ?

तरीही कित्येक म्हणतील कीं, शास्त्र मराठींत सांगण्यास शब्द नाहींत. आम्ही उलट विचारतों, परिचारिकेनें प्रश्न कोणत्या भाषेंत विचारले ? मंठ्याची बाई “अंगावरून पांढरें जातें”, “डोळ्यांपुढें अंधारी येते”, “पिशवी काढून टाकली” असें सांगते. त्या शब्दांत तिचें दुखणें आहे, तिची लाज आहे, आणि डॉक्टरानें तिला काय सांगून शस्त्रक्रिया केली याचाही माग आहे. हें सारें ‘होय’ व ‘नाहीं’ अशा दोन चौकोनांत कोंबून नंतर त्याचें इंग्रजी केलें म्हणजे जें उरतें तें ज्ञानाचें टरफल. शब्द मराठींत नव्हते असें नाहीं; ते होते, आणि आपण ते टाकून दिले.

याचा परिणाम पाहा. गोदावरीच्या पलीकडे, बीड जिल्ह्यांत, ऊसतोडीला जाणाऱ्या हजारों स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. २०१९ सालीं शासनाच्या समितीनें ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ही गोष्ट प्रथम चव्हाट्यावर आणली ती स्त्रियांच्या संघटनांनीं आणि वृत्तपत्रांनीं. त्या सर्व वर्षांत मराठवाड्यांत प्रबंध बांधले जातच होते ! अंबड-घनसावंगीकडूनही टोळ्या कारखान्यांवर जातात. त्यांच्यांतील स्त्रियांची कथा काय, हें कोणी मोजावें?

“जालना सोन्याचा पाळणा” असें जुने लोक म्हणत. १९८१ सालीं निराळा झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यांत प्रश्नांस तोटा नाहीं. लोखंडाच्या कारखान्यांत भट्टीपाशीं उन्हाळ्यांत राबणाऱ्या कामगाराच्या शरीराचें काय होतें ? बियाण्यांचा धंदा ही जालन्याची कीर्ति. त्या सीड प्लॉटांत दिवसभर वांकून फुलें हाताळणाऱ्या मुलींच्या पाठीचें व त्यांच्या अंगावर बसणाऱ्या औषधांचें काय? २०१२-१३ च्या दुष्काळांत डोक्यावर हंडे वाहणाऱ्या स्त्रियांच्या गर्भांचें काय झालें ? अठरा वर्षांच्या आंत लग्न होणाऱ्या मुलींचें प्रमाण २०१९-२१ च्या पाहणींत राज्यभर २१.९ टक्के होतें, आणि मराठवाड्यांतील जिल्हे त्याच्या पुष्कळ वर होते. या मुलींच्या पहिल्या बाळंतपणाची नोंद दहा वर्षें कोणी ठेविली काय? २०२४ पासून जालन्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालें आहे. तेथील अध्यापकांसही बढतीसाठीं निबंध लागतील. ते जालन्याच्या प्रश्नांतून निघणार कीं जुन्या सांच्यांतून, हें ठरविण्याची वेळ आतांच आहे. एकदां खाडा पडला कीं तो भरून निघत नाहीं.

कोणी म्हणेल, बोलणें सोपें आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पदरीं पैसा नाहीं, रुग्णालयाची पाळी चुकत नाहीं, अशा विद्यार्थिनीनें दहा वर्षांची नोंद कशी ठेवावी? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तरही त्यांतच आहे. एकटीनें ठेवूं नये. जिल्ह्यांतील परिचर्या विद्यालयांनीं मिळून एक प्रश्न निवडावा, तालुके वांटून घ्यावे, आणि दर वर्षाच्या विद्यार्थिनींनीं मागील वर्षाचें काम पुढें चालवावें. साठ-साठ स्त्रियांचे वीस सुटे प्रबंध कपाटांत पडण्यापेक्षां बाराशें स्त्रियांची एक सलग नोंद शतपट मोलाची. अध्यापन निष्फळ ठरलें तर तेंही छापावें. अपयश लपविणारें शास्त्र वैद्यकींत धोक्याचें. बढतीच्या वेळीं निबंध मोजूं नयेत. उमेदवारानें आपला एक उत्तम निबंध पुढें ठेवावा व समितीनें तो खरोखर वाचावा. २०२२ सालीं आयोगानें पीएच. डी. पूर्वीं निबंध छापण्याची सक्ति उठविली. तो मार्ग पुढें न्यावा.

आणि शेवटची मागणी, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. या जिल्ह्यांतील माणसांवर लिहिलेल्या प्रत्येक प्रबंधाबरोबर चार पानांचा मराठी वृत्तांत सक्तीचा असावा. तो आरोग्य उपकेंद्रांत ठेवावा, आणि जिनें प्रश्न विचारले तिनेंच त्याच गांवच्या आरोग्य समितीपुढें तो वाचून दाखवावा. ही परीक्षा कठीण आहे, कारण तेथें बसलेल्या बायका “मग आमचें रक्त वाढलें कां?” असें विचारतील, आणि त्यास शुल्क भरून उत्तर मिळत नाहीं.

आमच्या परिचयाच्या बाईंस आम्हीं निघतांना एवढेंच सुचविलें कीं, एकदां भोकरदनकडे जाऊन यावें. त्या म्हणाल्या, “आतां काय सांगूं त्यांना ?” आम्हीं म्हटलें, जें सांपडलें तें सांगा, आणि जें मोजायचें राहिलें तें मोजून या. त्यांनीं प्रबंध कपाटांत न ठेवतां पिशवींत घातला, हें मात्र आम्हीं पाहिलें.