झिजलेला जबडा आणि आपली जबाबदारी

भालकी तालुक्यातील सत्तरीच्या एक आजी गेल्या वर्षी माझ्याकडे आल्या. रुमालात गुंडाळून आणलेली खालची कवळी त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, जेवताना काढून ठेवायची, तर घालायची कशाला?" दोन वर्षे त्या ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून गिळत होत्या. एका ठिकाणी 'हाड उरले नाही, आता इलाज नाही' असे त्यांना सांगितले गेले. दुसऱ्या ठिकाणी हाडाचे कलम करून सगळे दात पक्के बसविण्याचा खर्च ऐकविला गेला, तेव्हा मुलाने शेताचा तुकडा विकण्याचा विषय काढला. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी होती.

दात गेला की त्याला धरून ठेवणारे हाड निरुपयोगी होऊन झिजू लागते. कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांचा अभ्यास टॉलग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. खालची कवळी तरंगते ती यामुळे. मात्र ही झीज सर्वत्र सारखी नसते. मागच्या बाजूस हाड खचून शीर वर आलेली असली, तरी हनुवटीच्या भागात टणक हाड बहुधा शिल्लक राहते.

अशा रुग्णांसाठी आज अनेक मार्ग आहेत. सहा ते आठ मिलिमीटरची आखूड रोपणे आहेत. मागची दोन रोपणे तिरपी बसवून चार रोपणांवर पूर्ण पंगत उभारता येते. वरच्या जबड्यात सायनसचा तळ उचलून हाड भरता येते, आणि अगदीच हाड नसेल तर गालाच्या हाडाचा आधार घेता येतो. हे उपचार उत्तम आहेत. पण त्यांना अनुभवी हात, वेळ आणि पैसा लागतो. ज्याचे सर्व दात गेले आहेत अशा खालच्या जबड्यासाठी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली तज्ज्ञांनी एकमताने साधा पर्याय प्रथम पसंतीचा ठरविला : सुळ्यांच्या जागी दोन रोपणे आणि त्यांवर खटक्याने बसणारी कवळी. ब्रिटनमधील यॉर्क येथील २००९ च्या मतैक्यानेही त्यास दुजोरा दिला. आपल्या सीमाभागातील रुग्णाला हा पर्याय सर्वांत आधी सांगितला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो ऐकून घेऊन अधिक खर्चाचा मार्ग निवडणे, हा त्याचा अधिकार.

येथे फिजिशियन बंधू-भगिनींचे सहकार्य मोलाचे आहे. मधुमेह किती आटोक्यात आहे, तंबाखू वा मिश्री चालू आहे का, हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन झाले आहे का, ही माहिती चिठ्ठीत दोन ओळींत मिळाली, तरी पुढचे अनेक धोके टळतात. विशेषतः त्या इंजेक्शननंतर जबड्याचे हाड कुजण्याची भीती असते; म्हणून ते सुरू करण्यापूर्वीच रुग्णाचे दात एकदा तपासून घ्यावेत.

दंतवैद्यांनीही आत्मपरीक्षण करावे. जे मूळ वाचविता येते ते उपटण्याची घाई आपण करतो. सुळ्यांची मुळे राखून त्यांवर कवळी बसविली, तर हाड टिकते आणि खर्चही वाचतो. सीबीसीटी तपासणीवाचून 'हाड नाही' असा निर्वाळा देऊ नये. अवघड रुग्णासाठी नौबादचे एस. बी. पाटील किंवा कलबुर्गीचे निजलिंगप्पा दंत महाविद्यालय दूर नाही. तेथील सहकाऱ्यांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

ही विद्या सुरू झाली तीच व्यंग असलेल्या जबड्यापासून. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९६५ साली डॉ. ब्रेनेमार्क यांनी टायटॅनियमची रोपणे ज्या पहिल्या रुग्णात बसविली, त्याच्या जबड्यात जन्मजात दोष होता. त्या रोपणांनी त्याला अखेरपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, साथ दिली.

आजींना दोन रोपणे बसविली. तीन महिन्यांनी कवळी त्यांवर चढली. शेत विकावे लागले नाही. भाकरीचा कडक पापुद्रा त्यांना अजून जमत नाही, हे त्यांनी हसत सांगितले. पण आता त्या जेवताना कवळी काढून ठेवीत नाहीत.