गाडी नेमकी कुठे होती?

रावेरहून पालकडे वळलं की सातपुडा सुरू होतो आणि माझ्या मोबाइलची रेंज जाते. तीच अडचण पोलिसांच्या गाडीलाही येऊ शकते.

११२ वर केलेला फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो. तिथून निरोप जिल्ह्याला आणि मग जवळच्या गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे टॅबसारख्या यंत्रावर पोहोचतो. जुन्या वायरलेसवर एक बोलतो, बाकीचे ऐकतात. डेटाचा फायदा वेगळा: कोणती गाडी कधी, कुठे होती, याची नोंद राहते.

त्यासाठी ५जी लागत नाही. एक जीपीएस नोंद शंभर बाइटची धरा. दर दहा सेकंदांनी एक, म्हणजे दिवसाला ८,६४० नोंदी. एक एमबीसुद्धा भरत नाही. हे काम २जीवरही होतं. म्हणून माझ्या मते वेगापेक्षा दोन कंपन्यांची सिम, रेंज गेल्यावर नोंदी साठवून नंतर पाठवणारं यंत्र आणि सोबतीला जुना वायरलेस, हे महत्त्वाचं. तो वायरलेस काढायची घाई कुणी करू नये.

खरी परीक्षा तणावाच्या दिवशी असते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इंटरनेट बंद केलं गेलं. असा आदेश निघाला की पोलिसांची सिम त्यातून वगळलेली असतात का? हे आधीच ठरलेलं हवं, कारण नोंदीची गरज त्याच दिवशी सर्वांत जास्त असते.

आपल्याला ती गरज कुणी समजावायला नको. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून वाद पेटला, दंगल झाली आणि पोलीस गोळीबारात सहा मुस्लिम तरुण गेले. तोडफोड करणारे पोलीस दिसले, ते मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओंमुळे. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. ते व्हिडिओ पाहताना एकच विचार येत होता, की हे कुणी काढलेच नसते तर?

गाडीची नोंद दोन्ही बाजूंनी बोलते. वेळेवर पोहोचलेल्या हवालदारालाही ती वाचवते. पण ती महिन्याभरात पुसली गेली तर काय उपयोग? पोलीस ठाण्यांतल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. गाड्यांच्या नोंदींनाही तीच मुदत लावा, अशी मागणी आपण करू शकतो.

जळगाव आणि धुळ्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीनच प्रश्न: नोंदी किती दिवस ठेवता, कोण पुसू शकतं, आणि इंटरनेट बंद असताना गाड्यांचा डेटा चालतो का? उत्तर आलं की आम्हाला पाठवा, आपण मिळून वाचू.