पत्रिकेवरचा विठोबा आणि बापाचे कर्ज



गेल्या महिन्यात कंधार तालुक्यातले एक माळकरी गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आले. पत्रिका कसली, लहानसे पुस्तकच. वर मखमली वेष्टन, आत सोनेरी अक्षरे, पहिल्या पानावर विठ्ठल-रुक्मिणी, दुसऱ्यावर कुलदैवत आणि मग निमंत्रक, व्यवस्थापक, प्रमुख उपस्थिती अशी नावांची रांग. मी मोजली, साठाच्या वर भरली. त्यांत माझेही नाव, मागे 'ह.भ.प.' लावून, मला न विचारता. मी म्हटले, "एक कितीला पडली?" म्हणाले, "वीस रुपयाला, महाराज. पाचशे काढल्या. पाहुण्यानं भारी काढली, मग आपण साधी कशी काढावं?"

पाचशे गुणिले वीस म्हणजे दहा हजार. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे दोन क्विंटल सोयाबीन त्या मखमलीत गेले, तेही हमीभाव पदरात पडला असे धरून. तो किती जणांच्या पदरात पडला, हे लातूरच्या अडतीवर माल घालणाऱ्याला मी काय सांगावे! शिवाय वाटायला दोन पोरे पंधरा दिवस मोटारसायकलवर. त्या पेट्रोलचा हिशेब कुणी धरत नाही.

माउली, मी कंजूषपणा शिकवत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण पाहिले आहे. त्याच दुष्काळाच्या वर्षांत, बापाला लग्नाचा खर्च झेपणार नाही म्हणून आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या लेकींनी जीव दिल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. एकट्या पत्रिकेने कुणी मेले नाही, हे मला कळते. पण खर्चाची पहिली पायरी पत्रिका आहे. पत्रिका भारी निघाली की मंडप हलका चालत नाही, मंडप भारी झाला की पंगत हलकी चालत नाही, आणि बाप सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो.

पत्रिका म्हणजे काय, हे पाहायचे तर भागवताचा दशम स्कंध उघडा, बावन्नावा अध्याय. रुक्मिणीमातेने देवाला पत्र पाठवले ते सात श्लोकांचे. त्यात कोण बोलावते आहे ते आहे, का बोलावते आहे ते आहे, आणि कधी नि कुठे यायचे तेही आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी, गावाबाहेर गिरिजेच्या देवळापाशी. एका ब्राह्मणाच्या हाती ते गेले आणि देव रथ जोडून निघाले. नाथमहाराजांनी त्यावर 'रुक्मिणीस्वयंवर' रचले, ते आपण उपवर मुलींकडून वाचून घेतो. त्या पत्रात निमंत्रकांची यादी नव्हती, तरी यायचा तो आलाच.

आणि तुकोबाराय? महिपतींनी सांगितले आहे की, मुली लग्नाच्या झाल्या तेव्हा महाराज बाहेर पडले, आपल्या जातीची पोरे रस्त्यात खेळत होती ती घरी आणली आणि हळद लावून लग्ने उरकली. उद्या तुम्ही तसे करा असे मी म्हणत नाही. केले तर पोलीस येतील. पण ज्यांचे नाव घेऊन आपण टाळ वाजवतो, त्यांच्या घरी लग्न कसे झाले हे विसरू तरी नका.

आता माझे पाप सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. ज्या गावांत मी सप्त्याला जात असे, तिथे घरे उरली नाहीत. पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या थोरल्या मुलीचे लग्न होते, आणि मी उसनवारी करून आठशे रंगीत पत्रिका काढल्या. लोक काय म्हणतील, कीर्तनकाराच्या घरचे लग्न! दोनशेच्या वर उरल्या, त्या माळ्यावर टाकल्या. चार वर्षांनी काढल्या तेव्हा विटेवरच्या सावळ्याचे पाय उंदरांनी खाल्ले होते. टाकवेनात, ठेववेनात. शेवटी नांदेडला गोदावरीत सोडल्या, म्हणजे आणखी एक पाप. उसने फिटायला तीन वर्षे गेली. म्हणून सांगतो, देवाचे चित्र पत्रिकेवर नको. लग्न झाल्यावर ते कागद कुठे जातात, हे कार्यालयाच्या मागच्या उकिरड्यावर जाऊन पाहा.

"पत्रिका नाही दिली तर भावकी रुसते" असे म्हणतात. रुसते, खोटे नाही. पण भावकी कागदाला भुकेली नसते, उंबऱ्यावर येण्याला असते. अक्षत घेऊन घरातले थोरले माणूस स्वतः गेले, तर पत्रिका कुणी मागत नाही. मोबाइलवर चित्र ढकलून मोकळे होणे मलाही पटत नाही. फोन करून आवाजात बोलवावे. दिंडीतल्या मंडळींना हरिपाठ झाल्यावर तोंडी सांगावे.

तरी छापायचीच, तर एवढे ध्यानात घ्या. तयार कार्डावर चित्र आधीच छापलेले असते, आपला छापखाना त्यावर फक्त मजकूर उठवतो. पैसे जातात ते जाड कागदाचे, चकाकीचे आणि पाकिटाचे. त्यापेक्षा ए-फोर कागदात चार पत्रिका बसतात, एका रंगात. घडी घालून द्या, पाकीट नको. जुळणी आणि प्लेट यांचा खर्च शंभर काढा की पाचशे, तेवढाच. म्हणून थोड्याच हव्या असतील तर झेरॉक्स बरे. मजकुरात वधू, वर, त्यांचे आई-बाप, तिथी, तारीख, वेळ, आणि गावापुढे तालुका, कारण एका नावाची दोन-तीन गावे असतात. प्रूफ घरातल्या शिकलेल्या पोरीला वाचायला द्या. आणि आम्हा महाराज मंडळींची नावे गाळा. आम्ही जेवायला तसेही येतो.

नातीचे लग्न मार्गशीर्षात आहे. शंभर पत्रिका सांगितल्या आहेत, काळ्या शाईत. सूनबाई तिच्या माहेरासाठी दहा रंगीत हव्यात म्हणून अडून बसली आहे. अजून तिचे मन वळलेले नाही.