बागुलबुवाऐवजी गोष्ट

'गप्प बस, नाहीतर डॉक्टरांना सुई टोचायला सांगेन,' ही धमकी ज्या घरात कधीच उच्चारली गेली नाही, असे घर महाराष्ट्रात शोधूनच काढावे लागेल. त्याच मुलाला पुढे लस टोचण्यासाठी दवाखान्यात न्यावे लागले, म्हणजे हीच वडीलधारी मंडळी 'मुळीच दुखणार नाही' असे बेधडक सांगून मोकळी होतात. आधी भीती, मग फसवणूक. आणि एवढे होऊन मूल ओरडले, तर हट्टी ठरते ते मूलच!

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅरोल ग्रे या शिक्षिकेने १९९० च्या सुमारास स्वमग्न विद्यार्थ्यांसाठी छोट्या गोष्टींची जी पद्धत सुरू केली, तिचे मोल यासाठीच. या गोष्टींत राजा नाही, राक्षस नाही. ती एकाच मुलासाठी, त्याला कळणाऱ्या शब्दांत लिहिलेली असते. उदाहरणार्थ : 'मी आईबरोबर दवाखान्यात जाईन. बाकावर थोडा वेळ थांबावे लागेल. डॉक्टर दंडावर ओला कापूस फिरवतील. तो गार लागेल. मग सुई टोचतील. थोडे दुखेल. मी आईचा हात धरू शकतो. नंतर आम्ही घरी येऊ.' बस्स, इतकेच. आज्ञा कमी आणि वर्णन अधिक, हा ग्रे यांचा दंडक आहे. आपल्याकडील शिक्षकांना अवघड जाईल तो नेमका हाच.

ही जादूची कांडी नव्हे. इंग्लंडमधील प्राथमिक शाळांत झालेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मुलांच्या एकूण सामाजिक वर्तनात ठळक फरक दिसला नाही. मात्र त्या त्या मुलासाठी ठरविलेले नेमके उद्दिष्ट अधिक वेळा साधले. माफक असला, तरी हा लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिवाय तो स्वमग्न मुलांपुरताच का राहावा? वडिलांच्या बदलीमुळे नव्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या, किंवा 'आजोबा गावाला गेले' अशी थाप ऐकून त्यांची वाट पाहणाऱ्या मुलालाही खऱ्या गोष्टीची गरज असतेच.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मुलांच्या मानसिक छळास बंदी घातली. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला अपंगत्वांच्या यादीत स्थान दिले. पण मुलाला नेमके कशाचे भय वाटते, हे विचारण्याची सक्ती कोणता कायदा करणार? जनगणना, निवडणुका व तक्ते यांतून शिक्षकाला दहा मिनिटे मिळाली पाहिजेत, ही तक्रार रास्तच आहे.

गोष्ट वाचायची ती मूल शांत असताना, आधीच्या दिवसांत, पुन:पुन्हा. आणि तीत लिहिले तसे घडले पाहिजे. कागदावर एक सुई लिहून दवाखान्यात दोन टोचल्या, तर पुढची गोष्ट ते मूल ऐकणार नाही.