निशाणी न पडलेला पुरावा

वकिलाने कोर्टात काय घालावे हे बार कौन्सिलच्या नियमांत लिहिलेले आहे: पांढरे बँड, काळा कोट, महिला वकिलांसाठी साडीचे आणि सलवार-कुर्त्याचे रंगसुद्धा. पक्षकार म्हणून येणाऱ्या स्त्रीसाठी असा एकही नियम नाही, आणि तारखेच्या आदल्या रात्री खरा पेच तिलाच पडतो. पोटगीच्या अर्जाची सुनावणी असेल तर गळ्यातली साखळी घरी ठेवायची, कारण समोरचा वकील ‘हिला कसली ददात?’ असे सुचवणार. त्याच नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला असेल आणि तिला नांदायचे असेल, तर मंगळसूत्र दिसायलाच हवे. विनयभंगाच्या खटल्यात साक्ष द्यायची असेल तर अंगभर साधी साडी. ती फार नेटकी नको आणि फार मळकीही नको. एकच बाई सोमवारी दागिने उतरवते आणि गुरुवारी चढवते. याला कोणी नाटक म्हणतात. माझ्या मते तिने कोर्टाचा केलेला हा अभ्यास आहे, आणि तो बऱ्याच अंशी बरोबर आहे.

तिच्या बाजूने पुरावा निकालपत्रांतच सापडतो. सिंदूर आणि शंखाच्या बांगड्या घालायला पत्नीने नकार देणे म्हणजे विवाहच नाकारणे, असा अर्थ गुवाहाटी उच्च न्यायालयाने जून 2020 मध्ये काढला आणि पतीला घटस्फोट दिला. ताली म्हणजे तमिळनाडूतले मंगळसूत्र. ते काढून ठेवणे ही मानसिक क्रूरता, असे मद्रास उच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले. जामिनाच्या आदेशात स्त्रीच्या पेहरावावर वा वागणुकीवर शेरे नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये बजावले होते. त्यानंतर दीड वर्षही उलटले नव्हते, तोच कोझिकोडच्या सत्र न्यायालयाने तक्रारदार स्त्रीचे कपडे ‘उत्तेजक’ ठरवून लैंगिक छळाचे कलम प्रथमदर्शनी लागू होत नाही असे लिहिले. गोव्यातल्या म्हापशाच्या न्यायालयाने 2021 मध्ये बलात्काराच्या खटल्यातून पत्रकार तरुण तेजपाल यांना निर्दोष सोडताना तक्रारदार स्त्री घटनेनंतरच्या छायाचित्रांत आनंदी दिसते, हेही तिच्या विरोधात धरले. यांपैकी कोणतेही कपडे, खूण वा चेहऱ्यावरचा आनंद कोर्टातला नव्हता. पण बाहेरचे दिसणे निकालात शिरत असेल, तर डोळ्यांसमोरचे शिरणार नाही हे तिने कशाच्या भरवशावर मानावे?

यावर पहिला आक्षेप शिस्तीचा. कोर्टाची अदब राखायला हवी, आणि ती पुरुषांनाही चुकलेली नाही; पाटणा उच्च न्यायालयात 2022 मध्ये एका वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याला कोट नसल्याबद्दल न्यायमूर्तींनी भर कोर्टात सुनावले होते. मुद्दा मान्य, पण त्या अधिकाऱ्याच्या कोटावरून त्याच्या चारित्र्याचा किंवा संसारावरच्या निष्ठेचा निष्कर्ष कोणी काढला नाही. विवाहित असल्याची खूण पुरुषाच्या अंगावर नसतेच, त्यामुळे ती उतरवल्याचा ठपकाही त्याच्यावर येत नाही. अदब सर्वांना सारखी लागू करता येते, चारित्र्याची परीक्षा मात्र एकाच बाजूची होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहणे हे खालच्या कोर्टाचे बळ मानले जाते. साक्ष देतानाच्या त्याच्या वर्तनाबद्दल शेरा नोंदवण्याची मुभा फौजदारी प्रक्रिया कायद्यातच आहे. मग न्यायाधीशाने डोळे मिटून घ्यावेत काय? मुळीच नाही. पण कायदा बोलतो तो साक्ष देताना साक्षीदार अडखळतो का, टाळाटाळ करतो का, याबद्दल; साडीच्या पोताबद्दल नव्हे. शिवाय त्या शेऱ्याची नोंद व्हावी लागते. कपड्यांचे तसे होत नाही. कागदाला निशाणी क्रमांक पडतो, त्यावर हरकत घेता येते, उलटतपास होतो. गळ्यातल्या साखळीला निशाणी पडत नाही, तरी ती वाचली जाते. आणि ती खोट्या सोन्याची आहे की आईकडून मागून आणलेली, हे सांगायची संधी बाईला मिळत नाही. खरे तर साखळी वाचण्याची गरजही उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने नोव्हेंबर 2020 पासून पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. ऐपत तिथे वाचावी.

‘साधी साडी नेसून या’ असे अशिलाला सांगणाऱ्या वकिलाला मी दोष देत नाही. अशिलाचे हित पाहणे हे त्याचे कामच आहे. दोष आहे तो हा सल्ला आवश्यक करणाऱ्या मौनाचा. कोझिकोडच्या आदेशातला तो शेरा केरळ उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये वगळला. मुलांचा ताबा नाकारताना आईच्या कपड्यांचाही आधार घेणारा कौटुंबिक न्यायालयाचा निकाल त्याच उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये फिरवला. दोन्ही वेळा दुरुस्ती झाली, कारण चूक कागदावर होती. मनात ठेवलेल्या शेऱ्याविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणून मागणी एवढीच: पेहरावाचा खटल्याशी खरोखर संबंध आहे असे न्यायाधीशाला वाटत असेल, तर त्याने खुल्या कोर्टात तसा प्रश्न विचारावा आणि प्रश्नोत्तर दोन्ही नोंदवावे. जो प्रश्न मोठ्याने विचारायला न्यायाधीशालाच संकोच वाटेल, त्याचे मनातल्या मनात काढलेले उत्तर निकालात वापरण्याचा अधिकारही त्याला असू नये.